हेराल्डच्या मागच्या सीटवर कोण बसणार

पुतणीच्या हनुवटीला दोन टाके पडेपर्यंत आमच्या घरात एकानंही विचारलं नव्हतं की उघड्या गाडीत मागं पोरं बसणार कशी. मीपण नाही विचारलं, आणि मी तर त्यांच्या शेजारीच बसले होते. म्हणून हे प्रकरण क्रमानं लिहून काढतेय, काय झालं, का झालं, नंतर काय काय करून बघितलं आणि त्यातलं काय टिकलं. हल्ली जुनी गाडी दुरुस्त करून रविवारी पोरांना घेऊन बाहेर पडणारे बरेच झालेत, रील बघावं तर पोरं मागच्या सीटवर उभी राहून हात हलवतायत, आधी मलाही ते गोड वाटायचं, आता पोटात गोळा येतो.

तर गाडी. स्टँडर्ड हेराल्ड, १९६४ ची, दोन दरवाजांची, माझ्या आजेसासऱ्यांची. ते डॉक्टर होते. तेव्हा गाडी म्हणजे अँबॅसिडर, फियाट नाहीतर स्टँडर्ड, आणि व्हिजिटला जुन्या पेठांतल्या बोळात शिरायला छोटी गाडी बरी म्हणून त्यांनी ही घेतली. वळते मात्र खरंच, साधारण २५ फुटांत गोल फिरते, रिक्षावालेपण वळून बघतात. मूळ गाडी ब्रिटनच्या ट्रायम्फची, १९५९ ला आली, आकार दिला इटलीच्या मिकेलॉटीनं, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटरनं बनवली, ९४८ सीसीचं इंजिन. तिच्या बांधणीतली एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी आहे आणि बॉडी तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली आहे, अगदी छप्परसुद्धा बोल्टवर. त्यामुळे छप्पर उचलून ठेवलं तरी गाडी मधनं वाकत नाही, हल्लीच्या गाड्यांचं असं नसतं, त्यांचं छप्पर हाच गाडीचा निम्मा कणा असतो. नव्वदच्या दशकात छपराच्या कडा गंजायला लागल्या तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे पप्पांनी, ते काढून माळ्यावर टाकलं आणि कुशनवाल्याकडनं पाइपच्या सांगाड्यावर कॅनव्हासचं हूड शिवून घेतलं. तेव्हापासून गल्लीत ही "उघडी हेराल्ड". मधली पंधरा-वीस वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये पडून होती, मग माझ्या नवऱ्याला उमाळा आला, दोन वर्षं पगार घातला आणि गाडी चालू केली.

मागची सीट म्हणजे रेक्झिनचा सपाट बाक. बेल्ट नाही, कधी नव्हताच, हेडरेस्टचा प्रश्नच नाही. पेट्रोलची टाकी डिकीत. ब्रेक चारी चाकांना ड्रमचे आणि लाइन एकच, म्हणजे एका जागी ऑइल गळालं की चारी चाकांचे ब्रेक गेले. पुढच्या दोन्ही सीटा मागं जायला वाट व्हावी म्हणून अख्ख्या पुढं कलंडतात, आणि त्यांना कसलीही खिट्टी नाही. ह्या खिट्टीवर परत येते.

जानेवारीतला रविवार. कोल्हापूर ते पन्हाळा, जेमतेम वीस किलोमीटर, वर जाऊन झुणका-भाकर खायची आणि अकरापर्यंत घरी, एवढाच बेत. नवरा गाडी चालवायला, पप्पा पुढं शेजारी (त्यांच्या वडिलांची गाडी, त्यांचा मान), मागं मी मधोमध, माझ्या मांडीवर आमचा धाकटा, वय ४, आणि डाव्या बाजूला माझ्या दिराची मुलगी, वय ९. जाऊबाई म्हणाल्या होत्या की "वैनी, स्वेटर घालू का हिला?" आणि मी म्हटलं, अहो ऊन पडेल आता, कशाला. शिवाजी पूल ओलांडला आणि पंचगंगेवरचं धुकं सरळ अंगावर आलं. वडणगे फाट्याच्या पुढं नवऱ्यानं गाडी पन्नासवर नेली आणि मागं काय सुरू झालं ते कसं सांगू, केस तोंडात, डोळ्यात धूळ, कानात घों घों, पुतणी काहीतरी ओरडून सांगतेय आणि मला तिचे फक्त ओठ हलताना दिसतायत. पुढं हे दोघं निवांत गप्पा मारतायत. पप्पा मान वळवून म्हणाले, "काय झुळूक हाय की न्हाई!"

वाघबीळच्या पुढं घाट लागला तशी धाकट्यानं मान टाकली, आणि दोन वळणांनी माझ्या ओढणीत ओकला. आम्ही म्हटलं गाडी लागली, पोरांना लागतेच घाटात. वर जाऊन तोंड धुतलं, लिंबू चोखायला दिलं, तबक उद्यानात पळापळ केली, सगळं विसरलो.

उतरताना अकरा वाजून गेले होते. घाट संपला, रस्ता सरळ झाला, केर्लीच्या अलीकडं उसाची डबल ट्रॉली पुढं होती. हंगामात ह्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना सांगायला नको, दोन ट्रॉल्या, वर वाडं बांधलेलं, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. ट्रॅक्टर थांबला होता की हळू होता तेच आधी कळलं नाही. नवऱ्यानं ब्रेक दाबला. काटा ४५ च्या आसपास असणार. ड्रम ब्रेक, त्यात गाडी भरलेली, गाडी डावीकडं ओढली गेली आणि ट्रॉलीच्या मागं आठ-दहा फुटांवर उभी राहिली. लक्षात घ्या, धडक झालीच नाही. कुणाला काही लागायचं कारणच नव्हतं.

पण तेवढ्यात काय झालं, रेक्झिनवरनं पुतणी साबण सरकावा तशी सरकली, तिचे पाय खाली टेकतच नव्हते त्यामुळे रेटा द्यायला काही नाही, आणि समोर पप्पांची सीट मागनं उचलून पुढं कलली, पप्पांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकले म्हणून ते वाचले, आणि त्या उचललेल्या सीटच्या खालच्या पाइपवर पोरीची हनुवटी आपटली. धाकटा माझ्या मांडीवर होता, मी त्याला दोन्ही हातांनी धरलेला होता, गच्च, आणि तरी तो माझ्या हातातनं पुढं गेला. दोन सीटांच्या मधल्या फटीत त्याचा खांदा अडकला म्हणून थांबला. मी आई, मी धरलं होतं, आणि तो निसटला. टाक्यांपेक्षा मला हेच जास्त लागलं.

दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशावरनं पडली? ब्रेक मारल्यावर असं झालं म्हटल्यावर त्यांना वाटलं आम्ही काहीतरी लपवतोय.

घरी आल्यावर दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग भांडण झालं. पप्पांचं म्हणणं ठरलेलं: "आमी काय बेल्ट लावून मोटं झालोय व्हय? ह्याच गाडीत पुढच्या दोन सीटांच्या मधी उभं राहून जोतिबाला जायचो." खरंच जायचे, तसा फोटो आहे भिंतीवर. पण त्यांच्या वडिलांना ताशी तीसच्या वर गाडी चालवताना कुणी बघितलेलं नाही, रस्त्यावर बैलगाड्या आणि एखादी एसटी, आणि ज्यांच्या पोरांचं वाईट झालं ते असे फोटो भिंतीवर लावत नाहीत. हे मी त्यांना असं तोंडावर बोलले नाही अर्थात, जाऊबाईंना बोलले.

मी आपली पदवीची फिजिक्सवाली, म्हणून कागदावर गणित मांडलं. ताशी ४० नं चाललेली गाडी कशाला तरी धडकून जागच्या जागी थांबली तर बिनबेल्टचं पोर ज्या वेगानं पुढं आपटतं तो वेग म्हणजे साधारण सव्वासहा मीटरवरनं खाली पडल्यासारखा, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतनं. आणि मांडीवरच्या पोराचं म्हणाल तर धडकेत वजनाच्या वीसपट ओढ सहज लागते, आमचा धाकटा १६ किलोचा, म्हणजे सव्वातीनशे किलो. तेवढं मी धरणार होते, त्या बारक्या मनगटांनी. पोराला मांडीवर घेणं हा आपल्याकडं सगळ्यात प्रेमाचा उपाय समजला जातो आणि तोच सगळ्यात कुचकामी आहे, वर मागनं आईचं वजन त्या पोरावरच येतं ते वेगळंच.

पहिली गोष्ट मी केली ती फुकटातली. पुढच्या रविवारी नवऱ्याला मागं बसवलं आणि त्याच्या मित्राला गाडी चालवायला दिली. दोन वर्षं ह्या गाडीवर खपलेला माणूस, नटबोल्ट तोंडपाठ, आणि एकदाही चालत्या गाडीत मागं बसलेला नव्हता! परत आला तो डोळे लाल, एक चिलट गिळलेलं, आणि डोकं धरून. म्हणाला, अगं पुढं काहीच वारं लागत नाही गं. बरोबर आहे, पुढच्याला काचेचा आडोसा असतो, काचेवरनं उडालेली हवा वरनं वळून थेट मागच्या सीटवर आदळते आणि तिथनं उलटी पुढं फिरते. ह्या उलट्या फिरण्याचा एक तोटा आम्हाला तेव्हा समजला: गाडीच्या मागचा धूर त्याच हवेबरोबर आत ओढला जातो. मिस्त्रीनं गाडी वर घेतली तर सायलेन्सरच्या जॉइंटचं गास्केट फुटलेलं, धूर मागच्या सीटच्या खालनंच येत होता. म्हणजे धाकट्याला गाडी लागली नव्हती, किंवा नुसती गाडी लागली नव्हती, त्या पोरानं अर्धा तास धूर खाल्ला होता. नवऱ्याची डोकेदुखी त्याच धुरातली. उघड्या गाडीत कसला धूर कोंडतोय असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं असतं. गास्केट दोनशे-अडीचशेचं काम. ते झाल्यावर मागचा वास गेला, वारं राहिलंच.

आणि ओढणी. मी त्या दिवशी ओढणी गळ्यात सोडून बसले होते. बाइकवर ओढणी चाकात जाते हे आपल्याला माहितीय, उघड्या गाडीत कुणी विचार करत नाही, पण इझाडोरा डंकन ही प्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समध्ये नीस शहरात नेमकी अशीच गेली, उघड्या गाडीत बसलेली, गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकला. पोरांचे स्वेटरचे पट्टे, शाळेच्या आयकार्डची दोरी, सगळं त्यातच आलं.

मग बेल्ट. मला वाटलं हे सोपं असेल. मिस्त्रीलाही वाटलं, "वैनी, बेल्ट काय, उद्या लावून देतो की, पत्र्याला बोल्ट मारला की झालं." उद्यमनगरातनं, म्हणजे कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीतनं, त्यानं सीटबेल्टचे बोल्ट आणले, ते वेगळे असतात, जाड, ७/१६ इंची, बारीक (यूएनएफ) आट्याचे, पाठीमागं लावायला ३ मिलीमीटरची पट्टी कापून आणली म्हणजे बोल्टचा ताण पसरेल. मागची सीट काढली, खालची जाजम-रद्दी उचलली, आणि जिथं बोल्ट यायचा तिथं मी सहज म्हणून स्क्रूडायव्हर टोचला. तो आत गेला. भाकरीत बोट जावं तसा. वरनं काळा रंग एकदम तुळतुळीत, खाली पत्र्याचा भुगा. मिस्त्री काही बोलला नाही, दुसऱ्या बाजूला टोचला, तिथंही तेच. चासीपासून बाहेर येणारे जे हात असतात, ज्यांच्यावर बॉडी बसते, तेसुद्धा आतनं खाल्लेले. दोन वर्षं रंग, क्रोम, रेक्झिन ह्यावर खर्च झाला होता आणि पोरं ज्याच्यावर बसणार तो पत्रा कुणी टोचून बघितला नव्हता.

पत्रा कापून नवा टाकला, चासीचे हात बदलले, ते झालं. खरी अडचण त्याच्यापुढं होती, आणि उघड्या जुन्या गाडीत मागं पोरं बसवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ती भेटणारच. तीन ठिकाणी अडकवायच्या बेल्टचं वरचं टोक खांद्याच्या उंचीवर लागतं. बंद गाडीत तिथं मागच्या दाराचा नाहीतर छपराचा खांब असतो. छप्पर काढलेल्या गाडीत मागच्या सीटच्या बाजूला खांबच नाही, हवा आहे. तिथं बेल्ट अडकवणार कशाला?

मग नुसता कमरेचा बेल्ट, विमानातल्यासारखा? तो बसला असता, खाली नवा पत्रा आणि चासी होती. पण नऊ वर्षांच्या पोरीची कंबर मोठ्यांसारखी नसते, हाडं अजून बारीक, कमरेचा बेल्ट ब्रेकच्या वेळी वर पोटावर सरकतो, धडकेत पोटातल्या अवयवांना आणि मणक्याला त्यानंच इजा होते, आणि वरचं अंग मोकळं असल्यानं डोकं समोरच्या सीटवर जातंच. गाडीतनं बाहेर फेकलं जाण्यापेक्षा बरा, हे खरं, पण आमच्या पोरीची हनुवटी त्या पाइपवर परत आपटायला तो बेल्ट अडवणार नव्हता.

धाकट्यासाठी चाइल्ड सीट होती, रोजच्या गाडीतली. ती आणून ठेवून बघितली. सीटच्या बुडाला केशरी स्टिकर असतो त्यावर ती कुठल्या नियमात पास झालीय ते लिहिलेलं असतं, पण उपयोगाची गोष्ट पुस्तिकेत असते, आणि ती पुस्तिका आपण सगळेच खोक्याबरोबर टाकून देतो, आम्हाला ती नशिबानं ग्लव्हबॉक्समध्ये सापडली. पान चारवर दोन चित्रं. तीन ठिकाणी अडकणाऱ्या बेल्टनं बांधलेली सीट, शेजारी बरोबरची खूण. नुसत्या कमरेच्या बेल्टनं बांधलेली सीट, त्यावर मोठी फुली. संपला विषय. कमरेच्या बेल्टवर चालणाऱ्या सीटा असतात, नाही असं नाही, पण आपल्या हातातल्या सीटवर ते लिहिलेलं पाहिजे, "बसतीय की घट्ट" ह्यावर भागत नाही.

उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्यानं उपाय काढला, दीड इंची सीमलेस पाइपची कमान, मागच्या सीटच्या मागं, चासीला बोल्ट, बेल्टची वरची टोकं तिला. ऐकायला भारी. नवरा तर स्केच काढून बसला. मी दोनच प्रश्न विचारले. एक, पोरांच्या डोक्यामागं चार इंचावर लोखंडी पाइप, आणि मागनं कुणी ठोकलं तर डोकं कुठं जाणार, हेडरेस्ट तर नाहीच. दुसरा, ही कमान किती ओढ सहन करते ते कोण तपासणार. कंपनीच्या गाडीत बेल्टच्या वरच्या टोकाची चाचणी घेतात तेव्हा १३.५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेचौदाशे किलोनं ओढून बघतात. आमच्याकडं ओढून बघायला नवऱ्याचा मित्र होता, तो ८० किलोचा. वेल्डिंग बघायला सुंदर असणं आणि ते टिकणं ह्यात काय फरक असतो ते उद्यमनगरवाल्यालाच जास्त माहीत, त्यानंच शेवटी सांगितलं, "सायेब, मोठ्या माणसासाठी करून देतो, पोरांसाठी माझं मन न्हाई होत."

कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ब आलं, त्यात १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटनं बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला १००० रुपये दंड. "आमची गाडी जुनी, तिला बेल्टच नव्हते" अशी सवलत त्या कलमात मला तरी दिसली नाही. दुचाकीवरसुद्धा २०२३ पासून ४ वर्षांखालच्या पोराला हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा आहे, पाळतं कोण तो भाग सोडा. ब्रिटनमध्ये, जिथली ही मूळ गाडी, तिथं बेल्टशिवायच बनलेल्या जुन्या गाडीत ३ वर्षांखालचं मूल न्यायचंच नाही, त्यावरचं असेल तर फक्त मागच्या सीटवर. हे वाचून नवरा खूश झाला, बघ म्हणाला, आपला धाकटा ४ चा आहे! म्हटलं, तिथं तो कायद्यात बसेल रे, पण रेक्झिनवरनं सरकायचा तो सरकेलच.

दुसरं म्हणजे ते काढलेलं छप्पर. आरसीवर गाडी सलून आहे, छपराची. कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेला मूळ आकार असा बदलता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. पप्पांच्या काळात कुणी विचारलं नव्हतं. आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे जे नियम आणले, ५० वर्षांच्या वरच्या गाडीला "व्हीए" अक्षरांची वेगळी नंबर प्लेट, त्यात गाडी मूळ रूपात पाहिजे, बॉडी आणि चासीत मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणजे उघड्या हेराल्डला ते दार बंदच. तसंही ती प्लेट घेतली तर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच, पन्हाळ्याची झुणका-भाकर त्यात येत नाही. त्यामुळे आम्ही साध्याच रजिस्ट्रेशनवर राहिलो, पण फिटनेसला गाडी नेताना छपराचा प्रश्न येणारच होता.

जीपवाल्यांनी हसू नये. मागचे आडवे बाक, पोरं एकमेकांकडं तोंड करून, ब्रेक मारला की सगळी पोरं पुढच्या बाजूला एकावर एक. आडव्या सीटवर चाइल्ड सीट बसवतच नाहीत, कुठल्याच. आमच्यापेक्षा त्यांची गोष्ट अवघड आहे आणि गावाकडं लग्नात अजून दहा-दहा पोरं मागं बसतात.

मार्चमध्ये एका सकाळी माळ्यावर धडाधड आवाज यायला लागले. बघते तर पप्पा, वय ७१, शिडीवर, आणि छप्पर खाली सरकवतायत. कुणाला सांगितलं नाही, बोलावलं नाही. नवरा धावला, दोघांनी ते खाली घेतलं, अंगणात वर्तमानपत्रावर ठेवलं आणि पप्पा पॉलिश पेपर घेऊन कडेचा गंज घासत बसले. चार दिवस घासत होते. म्हणाले, "मूळ हाय तसं असू दे." बस, तेवढंच.

छप्पर बसलं. बोल्टची भोकं तीस वर्षांनी तंतोतंत जुळली, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आता सगळ्यांना वाटलं की चला, खांब आले, मागं बेल्ट लावू. पण तो मागचा खांब छपराबरोबरच येतो, छपरासारखाच बोल्टवर बसलेला, बेल्टची ओढ घ्यायला केलेला नाही, म्हणून मागं आम्ही काहीच लावलं नाही. पुढच्या दोन सीटांना मात्र तीन टोकांचे बेल्ट लागले, दाराच्या मागचा खांब बॉडीचाच आहे, त्याला आतनं पट्टी देऊन, खालची टोकं चासीच्या नव्या हातांना. आणि खिट्टी! मिस्त्रीनं दोन्ही सीटांना खालच्या बाजूला स्प्रिंगची खिट्टी करून दिली, ओढल्याशिवाय सीट पुढं कलत नाही. सगळ्या कामात हे सर्वात स्वस्त, साडेतीनशे रुपये दोन्हींचे. त्या दिवशी एवढी एक खिट्टी असती तर टाके पडले नसते, एवढं मला नक्की वाटतं.

तर आता पद्धत अशी आहे: हेराल्डमध्ये दोन माणसं, पुढं, बेल्ट लावून. पोरं आमच्या रोजच्या गाडीत मागनं, धाकटा त्याच्या सीटमध्ये, थोरली, म्हणजे पुतणी, बूस्टरवर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या बैठकीवर. मागच्या सीटवर झुणक्याचे डबे, पाणी आणि दोरीनं बांधलेली स्टेपनी. पन्हाळ्यावर पोचलं की गाडी सावलीत लावायची, हँडब्रेक, गिअर, चाकाखाली दगड, आणि मग पोरांनी मागं बसून काय पाहिजे तो धिंगाणा घालायचा, तासभर. गंमत म्हणजे धाकट्याला ह्यातच जास्त मजा येते, कारण थांबलेल्या गाडीत त्याला स्टिअरिंगपण मिळतं. उघड्या गाडीतनं वारं खात जाणं ही मोठ्यांची हौस होती, असं मला आता वाटायला लागलंय. नवऱ्याला हे पटत नाही, तो म्हणतो तू गाडीचा जीव काढलास. असेल. गल्लीतली पोरंसुद्धा विचारतात, काकू, गाडीला टोपी का घातली.

थोरली मात्र रुसलेली आहे. तिचं म्हणणं, टाके तिला पडले, मग पुढं बसायचा पहिला नंबर तिचा. हे न्यायाला धरून आहे, म्हणून घरात असं ठरलं की ती १३५ सेंटीमीटर झाली की पप्पांच्या जागी पुढं, बेल्ट लावून, सीट मागच्या टोकाला सरकवून. हा १३५ चा आकडा ब्रिटनच्या नियमातला, तिथं मूल १२ वर्षांचं नाहीतर १३५ सेंटीमीटरचं होईपर्यंत चाइल्ड सीट लागते, त्याखाली खांद्याचा बेल्ट गळ्यावर येतो. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पप्पांनी पेन्सिलनं रेघ मारून दिलीय. दर रविवारी सकाळी ती तिथं टाचा टेकवून उभी राहते, मागच्या आठवड्यात १३२ भरली, आणि परवा आली ती डोक्यावर उंच अंबाडा घालून.